दम अडतो तो श्वास सोडताना

जिना चढून धापा टाकणाऱ्या दमेकऱ्याला सोबतचे लोक आपुलकीने सांगतात, "मोठा श्वास घे." त्याला नेमकं तेच जमत नसतं, कारण छाती आधीच हवेने भरलेली असते. अडतो तो श्वास बाहेर सोडताना.

श्वास घेताना छाती फुगते, तशा आतल्या नळ्याही थोड्या रुंदावतात. सोडताना त्या आकसतात. दम्यात त्यांचं अस्तर सुजलेलं, भोवतीचे स्नायू आवळलेले आणि आत चिकट कफ. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, 16 पट होतो! पायाखाली जिना असेल तर श्वासाची गती वाढते, सोडायला वेळ कमी मिळतो आणि दर खेपेला थोडी हवा आतच राहते. फुप्फुसांखालचं घुमटासारखं श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा स्नायूचा पडदा, त्या हवेने दाबून सपाट होतं, त्याची ओढ कमी पडते. मग मान आणि खांदे छाती उचलू लागतात. रात्रभर दम लागलेल्या माणसाची सकाळी मान आणि बरगड्या दुखतात त्या यामुळे.

म्हणून शिकायचं ते श्वास सोडायला. खांदे सैल सोडा, नाकाने हलका श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. ओठांशी हवा किंचित अडल्याने आत थोडा दाब टिकतो आणि नळ्या लगेच मिटत नाहीत. चालताना दोन पावलांत घ्या, चार पावलांत सोडा.

प्राणायामातलं पूरक-रेचकाचं, म्हणजे श्वास घेण्या-सोडण्याचं, 1:2 प्रमाण ते हेच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1990 साली आलेल्या एका छोट्या अभ्यासात सौम्य दमा असलेल्या 18 जणांनी एका उपकरणातून या प्रमाणात श्वास घेतला, तेव्हा त्यांच्या श्वासनलिकांची चिडखोरी कमी झालेली दिसली. ब्रिटनमधल्या 655 रुग्णांच्या 2018च्या चाचणीत मात्र श्वासाच्या व्यायामांनी रोजचं जगणं सुसह्य झालं, पण फुप्फुसांची क्षमता आणि आतली सूज होती तशीच राहिली. सूज उतरवतो तो रोजचा स्टिरॉइडचा पंप. प्राणायाम सुरू केला म्हणून पंप बंद करणारी माणसं पाहिली की जीव कळवळतो. आणि धाप लागलेली असताना भस्त्रिका-कपालभाती नकोच.

व्यायाम मात्र सोडू नये. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने दमा असूनही 2003 मध्ये लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत धावून महिलांचा विश्वविक्रम केला. जोराच्या श्वासाने नळ्यांतला ओलावा उडतो आणि त्या आवळतात. हा त्रास बहुधा व्यायाम थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी शिगेला पोचतो. तेव्हा आधी दहा-पंधरा मिनिटं अंग तापवा आणि थंड, कोरड्या हवेत नाकावर रुमाल बांधा.

फवाऱ्याचा पंप ओढण्याआधीही श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश आत घ्यायचा आणि दहा सेकंद धरायचा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तात्काळ आराम देणारा पंप घ्या आणि थेट दवाखाना गाठा.