अवजल, खाड्या आणि गळालेली मर्यादा

कोकणातील रासायनिक व औषधी कारखाने ठरावीक नद्यांच्याच काठी का वसले, याचे एक कारण अवजलात, म्हणजे जलविद्युत केंद्रातून वापरून सोडलेल्या पाण्यात आहे. कोयनेची वीज तयार झाल्यावर सुटणारे पाणी वाशिष्ठीला मिळते, भिऱ्याचे कुंडलिकेला आणि खोपोलीचे पाताळगंगेला; त्यामुळे इतर नद्या शिमग्यानंतर आटू लागल्या तरी या तिघी वाहत्या राहतात. वाहत्या पाण्यात सोडलेले सांडपाणी पातळ होऊन समुद्राला मिळेल, हा विश्वास त्यानंतर दीर्घकाळ टिकला. प्रत्यक्षात दाभोळसारख्या खाडीत ओहोटीला गेलेले पाणी भरतीबरोबर बऱ्याच अंशी परत येते, ही गोष्ट तिथे जाळे टाकणाऱ्या भोयांना कोणी सांगावी लागत नाही.

औषधांच्या बाबतीत तर पातळ होण्याचा आधार फारच दुबळा आहे, कारण अत्यल्प मात्रेत शरीरावर परिणाम करणे हाच औषधाचा गुण. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन वर्षे गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक दर लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम एवढेच ठेवले गेले. नर माशांच्या अंगात मादीच्या अंड्यासाठी लागणारे प्रथिन तयार होऊ लागले आणि एका लहान माशाची संख्या जवळजवळ संपली.

‘प्रक्रिया केलेले सांडपाणी’ या शब्दप्रयोगाचा गोंधळ इथेच आहे. १९७४ च्या जल कायद्यानंतर रुळलेल्या तपासणीत सामू, बीओडी (सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी यांवर भर असतो. सीओडी म्हणजे पाण्यातील द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागतो याचे माप. ते द्रव्य साखर आहे की प्रतिजैविक, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून सांडपाणी मानकांत बसूनही औषध घेऊन वाहू शकते. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२० च्या केंद्र सरकारच्या नियमांच्या मसुद्याने औषधनिर्मितीच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांना प्रथमच आकड्यांत मर्यादा सुचवल्या. खुद्द औषध मोजण्याची ती पहिलीच तयारी होती. या मर्यादा अवाजवी कडक असल्याचा आक्षेप उद्योगांकडून आला, आणि ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. आकडे कडक वाटले असतील तर ते शिथिल करता आले असते, टप्प्याटप्प्याने लागू करता आले असते; पूर्णपणे वगळण्याचे समर्थन त्या आक्षेपातून होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या निर्मितीतील सांडपाण्याविषयी जागतिक मार्गदर्शक सूचना निघाल्या, पण त्या बंधनकारक नाहीत.

मासा निदान जागा बदलू शकतो. खडकाला चिकटलेले कालव मात्र भरतीचे जे पाणी येईल तेच गाळून जगते.