इंच वेगळे, रिझोल्यूशन वेगळं: मॉनिटर मोठा घेतला तरी ओळी तेवढ्याच का दिसतात

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात मॉनिटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक इंच विचारतं आणि काउंटरमागचा माणूसही इंचच सांगतो. "चोवीस कायले घेता भाऊ, सत्तावीस घ्या, जास्त दिसते." जास्त म्हणजे नेमकं काय, हे दोघंही एकमेकांना विचारत नाहीत. खोकं घरी येतं, एक्सेल उघडतं, आणि जुन्या मॉनिटरवर जेवढ्या ओळी दिसायच्या तेवढ्याच दिसतात. एकही जास्त नाही. मग फोन येतो. कम्प्युटरमधलं थोडंफार कळतं अशी ज्याची ख्याती झाली, त्याला येणाऱ्या फोनांतला हा नेहमीचा.

इंच सगळ्यांना कळतात, म्हणून ते पटकन उरकतो. चौकट सोडून, पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. बस. फक्त तिरक्या मापातून उंची कळत नाही, आणि कागदपत्रांचं काम करणाऱ्याला उंचीच लागते. जुन्या ऑफिसांत चौकोनी वाटणारे १९ इंची मॉनिटर असायचे, ५:४ आकाराचे. त्यांची उंची सुमारे ३० सेंटिमीटर. आजचा रुंद २४ इंची मॉनिटरही तेवढाच उंच आहे. त्या चौकोनी १९ च्या जागी रुंद साडेअठरा इंची आणून ठेवला, 'अर्ध्या इंचानं काय फरक पडतो' म्हणत, तर उंची ७ सेंटिमीटरनं जाते. २९ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षाही लांबट पडदा, हा तसलाच प्रकार: आकडा सत्ताविसापेक्षा मोठा, उंची चोविसापेक्षाही कमी. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर तो कोणी का ठेवावा, मला कळत नाही.

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर आडवे ठिपके किती आणि उभे किती. १९२०×१०८० ते फुल एचडी, २५६०×१४४० ते क्यूएचडी, ३८४०×२१६० ते ४के. जुन्या, स्वस्तातल्या लॅपटॉपवर १३६६×७६८. खोक्यावरच्या नावाच्या नादी लागू नका, 'एचडी' आणि '२के' कोण कशाला म्हणेल त्याचा नेम नाही. दोन आकडे वाचायचे.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येऊ. विंडोज पडद्यावरची जागा सेंटिमीटरमध्ये नाही, ठिपक्यांत वाटते. स्केल, म्हणजे अक्षरं आणि चित्रं किती पट मोठी काढायची ते ठरवणारं विंडोजचं सेटिंग, १०० टक्के असेल तर एक्सेलची नेहमीची ओळ २० ठिपके उंच आणि नेहमीचा कॉलम ६४ ठिपके रुंद. २४ इंची फुल एचडी मॉनिटरला उभे ठिपके १०८०. २७ इंची फुल एचडीलाही १०८०, आणि ३२ इंची फुल एचडीलाही १०८०च. भागाकार कसाही करा, ओळी सारख्याच येणार. बदलतो तो फक्त ठिपक्याचा आकार: २४ इंचावर ०.२७७ मिलिमीटर, २७ वर ०.३११, ३२ वर ०.३६९. आपल्याकडे मटक्यावरची लंबी रोटी हातावर फिरवून फिरवून चादरीएवढी करतात, पण कणीक गोळ्यात होती तेवढीच असते. २७ इंची फुल एचडी ही ती रोटी.

याउलट त्याच २७ इंचात २५६०×१४४० घेतला, तर उभे ठिपके ३६० नी वाढले. म्हणजे एक्सेलच्या १८ ओळी जास्त. आडवे ६४० वाढले, म्हणजे १० कॉलम जास्त. जीएसटीचा तक्ता डावी-उजवीकडे सरकवत बसणाऱ्या माणसाला हे १० कॉलम काय आहेत ते वेगळं सांगायला नको. आणि १३६६×७६८ वाल्या लॅपटॉपवर फुल एचडीच्या मानानं १५ ओळी कमी. लॅपटॉपवर काम उरकत नाही अशी कुरकूर असते, तिच्यातली बरीच या १५ ओळींची असते, प्रोसेसरची नसते.

थोडक्यात, किती मावेल ते रिझोल्यूशन ठरवतं. जे मावलं ते केवढं दिसेल, हे इंच आणि रिझोल्यूशन मिळून ठरवतात. इथवर लोक मान डोलावतात. घोळ पुढच्या फोनला होतो, कारण १४४० वाला घेतलेला माणूस चार दिवसांनी म्हणतो, "जागा भरपूर झाली भाऊ, पण अक्षरं लय बारीक दिसून राहिले."

दिसणारच. १२ पॉइंटचं अक्षर १०० टक्के स्केलवर १६ ठिपक्यांत बसतं. २४ इंची फुल एचडीवर त्या १६ ठिपक्यांची उंची साधारण ४.४ मिलिमीटर, २७ इंची फुल एचडीवर ५, आणि २७ इंची १४४० वर ३.७. पन्नाशीच्या डोळ्याला ते खुपतं, यात डोळ्याचा दोष नाही. दोष त्यानंतर जे केलं जातं त्यात आहे. माणूस सेटिंग्ज उघडतो, सिस्टिममध्ये डिस्प्लेवर जातो. तिथे दोन पर्याय एकाखाली एक बसलेले आहेत: वर स्केल, खाली रिझोल्यूशन. आणि हमखास खालच्याला हात लागतो. २५६०×१४४० चं १९२०×१०८० केलं, अक्षर मोठं झालं, समाधान झालं.

म्हणजे जादा पैसे मोजून १४४० आणला आणि त्यावर १०८० चालवला. तेही धड नाही. एलसीडी पडद्याचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात, ते सेटिंग बदलून कमी होत नाहीत. २५६० ठिपक्यांवर १९२० ठिपक्यांचं चित्र बसवायचं तर प्रत्येक ठिपक्याला १.३३ ठिपके द्यावे लागतात. एक तृतीयांश ठिपका पेटवता येत नाही, म्हणून शेजारच्याशी रंग मिसळला जातो आणि अक्षराच्या कडेला साय धरते. मग 'या मॉनिटरनं डोळे दुखतात' म्हणून दुकानात भांडण.

ही सवय उगाच लागलेली नाही. काचेच्या नळीचे जाडजूड सीआरटी मॉनिटर होते तेव्हा चित्र किरणानं रेखलं जायचं, ठिपक्यांची पक्की जाळी नव्हती. तेव्हा १०२४×७६८ चं ८००×६०० केलं की अक्षर मोठं व्हायचं आणि फाटायचंही नाही. ज्यांनी तेव्हा कम्प्युटर शिकला त्यांच्या हातात तो उपाय बसला आहे. त्या मॉनिटरवर तो बरोबरच होता. मॉनिटर बदलला, हात बदलला नाही.

अक्षर मोठं करायचं असेल तर वरचा पर्याय, स्केल. १४४० वर १२५ टक्के केलं की तेच अक्षर १६ ऐवजी २० खऱ्या ठिपक्यांनी काढलं जातं, उंची ४.६ मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे २४ इंची फुल एचडीपेक्षा किंचित मोठं. मावणारी जागा कमी होते हे खरं. ती २०४८×११५२ एवढी उरते. पण ती अजूनही फुल एचडीपेक्षा जास्त आहे आणि अक्षर कोरीव आहे. रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं तो सोडून दुसऱ्याला हात लावू नका. खेळ, प्रोजेक्टर असे अपवाद आहेत, पण ते ज्याला लागतात त्याला ठाऊक असतात.

४के मॉनिटरवर हा फरक सर्वांत उघड दिसतो. रिझोल्यूशन १९२०×१०८० करा, किंवा रिझोल्यूशन तसंच ठेवून स्केल २०० टक्के करा. दोन्हींत अक्षराची उंची एकच, मावणारी जागा एकच. पहिल्यात अक्षर १६ ठिपक्यांचं, दुसऱ्यात ३२ ठिपक्यांचं. म्हणजे तेवढ्याच जागेत ठिपके चौपट.

रोमन अक्षराला १६ ठिपके पुरतात, मराठीला ते कसेबसे पुरतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये मूळ अक्षर, आणि हे सगळं त्याच उंचीत. 'राष्ट्रीय', 'वृद्ध', 'मूर्ती' हे काही अवघड शब्द नाहीत, पण अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन ठिपके आले की 'की' आणि 'कीं' ओळखायला मान पुढे काढावी लागते. 'कु'चा ऱ्हस्व की दीर्घ, ते अंदाजानं ठरतं. लग्नपत्रिका आणि स्मरणिकांची जुळणी करणाऱ्यांनी तर २७ इंची फुल एचडीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. अक्षर मोठं दिसतं, पण ठिपके तेच १६, फक्त जाड झालेले. उकाराची शेपटी काही त्यानं स्पष्ट होत नाही. इंग्रजीत काम करणाऱ्या मित्राचा सल्ला इथे लागू पडत नाही, त्याला काना-मात्रा नाहीत.

लॅपटॉपवाल्यांची गंमत वेगळीच. खोक्यावर फुल एचडी, म्हणून ते समजतात की मॉनिटरही फुल एचडीच असेल तर जागा तेवढीच. पण १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर स्केल बहुधा १२५ टक्के लावलेलं असतं, आणि हिशेबाला जागा १५३६×८६४ ची उरते. २४ इंची फुल एचडी १०० टक्क्यांवर जोडला की त्याच आकड्यात दहा ओळी वाढतात. घरून काम करणाऱ्या, मिहानमधल्या आयटी कंपन्यांच्या पोरांना मी म्हणूनच डोळे मिटून चोवीस सांगतो. जोडताना फक्त विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडायचं. 'डुप्लिकेट' ठेवलं तर दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन मिळतं, आणि लॅपटॉप १३६६×७६८ चा असेल तर नवा कोरा मॉनिटरही तेवढाच चालतो. धूसर.

काय घ्यावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. फुल एचडी घ्यायचा तर २४ इंचांपर्यंत, त्यापुढे नाही. २७ इंच हवा तर १४४०, पैसे असतील तर ४के आणि १५० टक्के स्केल. त्यात मावतं १४४० एवढंच, पण मराठी वाचताना छापील पान वाचल्यासारखं वाटतं. अक्षर मोठंच हवं आणि स्केलच्या भानगडीत पडायचं नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी ३२ इंची १४४०: त्याचा ठिपका बरोबर २४ इंची फुल एचडीएवढाच, जागा मात्र पावणेदोन पट. टेबल खोल हवं, एवढीच अट. दुकानात २७ इंची फुल एचडी 'ऑफर'मध्ये असतो. तो ऑफरमध्ये का असतो हे आता लक्षात आलं असेल. सिनेमा बघायला घ्या, हरकत नाही.

आणि टीव्ही हा मॉनिटर नव्हे. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीवर १३६६×७६८ ठिपके पसरलेले असतात, एका इंचात पन्नासही नाहीत. हातभर अंतरावरून ते मोजता येतात. वर कित्येक टीव्ही चित्राच्या कडा कापतात, टास्कबार अर्धा खाली जातो, मग लोक तो वर घेण्यासाठी पुन्हा रिझोल्यूशनच बदलतात. तो दोष ओव्हरस्कॅनचा आहे आणि तो टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये बंद होतो, कम्प्युटरमध्ये नाही.

केबलचं थोडक्यात. निळ्या टोकाची व्हीजीए केबल अजून निम्म्या टेबलांखाली लोंबते. तिच्यातून फुल एचडी जातं, पण अक्षर मऊ येतं, कारण ठिपका आकड्यांत नाही, कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या दाबात जातो. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर व्हीजीए केबल काढून टाका. ४के घेतला आणि माउसचा बाण अडखळत चालतो असं वाटलं, तर मॉनिटर परत करायच्या आधी कम्प्युटरचं पोर्ट बघा: एचडीएमआय १.४ मधून ४के सेकंदाला ३० चित्रांच्याच वेगानं जातं, ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे डेमोला सरकणारं काही नसतं. संत्र्याच्या बागेचा फोटो लावलेला असतो.