महामारी आणि स्त्रिया

महामारी आणि स्त्रिया : अनेक देशांत पसरलेल्या साथीचा स्त्रियांच्या आरोग्यावर, सुरक्षिततेवर, कामावर आणि समाजातील स्थानावर होणारा परिणाम. साथीची मोजदाद रुग्ण आणि मृत्यू या दोन आकड्यांत होते. त्यांत हा परिणाम अर्धामुर्धाच दिसतो. कोविड-१९ मध्ये बहुतेक देशांत पुरुष अधिक दगावले. आजाऱ्याची सेवा, बंद दाराआडची मारहाण, अडलेले बाळंतपण, कायमची सुटलेली शाळा यांची मात्र रोज संध्याकाळी आकडेवारी जाहीर होत नव्हती.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पुण्यात १८९७ साली प्लेगची साथ असताना प्लेग समितीचा प्रमुख, इंग्रज अधिकारी रँड याच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरे तपासली. बुटांनिशी देवघरात शिरल्याच्या आणि बायकांना चारचौघांत तपासल्याच्या तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या वृत्तपत्राला पत्र लिहून प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रिया सुरक्षित नाहीत, हे उघडपणे मांडले. त्या वादात घराण्याच्या अब्रूबद्दल पुष्कळ बोलले गेले. स्त्रीने स्त्रियांच्या बाजूने बोलल्याची उदाहरणे थोडी, म्हणून हे पत्र मोलाचे आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीत येथे पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यूप्रमाण जास्त होते. दुष्काळी वर्ष, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या अंगात नसलेली ताकद आणि घरातल्या प्रत्येक आजाऱ्याजवळ तिचेच बसणे, ही त्याची कारणे अभ्यासक देतात. दर हजार पुरुषांमागे १९११ च्या जनगणनेत ९६४ स्त्रिया होत्या, १९२१ मध्ये ९५५ उरल्या. ही घट केवळ साथीमुळे झाली असे म्हणता येत नाही, पण साथीचा त्यात वाटा होता.

कोविड-१९ च्या काळात, २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याआधीच, २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती. असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. आता शाळा, कचेऱ्या, खानावळी बंद झाल्या आणि सगळे घर दिवसभर घरी आले. चुलीपुढचा वेळ कोणाचा वाढला असेल, हे या दोन आकड्यांवरून कळते.

हिंसेच्या बाबतीत टाळेबंदीने एक वाट बंद केली, तिचा पुरेसा विचार अजून झालेला नाही. सासरी त्रास असह्य झाला की बाई आधी पोलीस ठाण्यात जात नाही, ती माहेरी जाते. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक थेट २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. तोवर माहेर जिल्ह्यापलीकडे असलेल्या बाईला मारणाऱ्याच्याच घरात राहणे भाग होते. फोन करावा, तर घरात एकच फोन आणि तोही बहुधा त्याच्याच हातात. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या २०१९ मध्ये २,९६०, तर २०२० मध्ये ५,२९७ तक्रारी आल्या. ज्यांना फोन किंवा पत्र शक्य झाले, त्यांच्याच या तक्रारी आहेत. हे जगभर चालले होते. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने त्याला ‘सावलीतली महामारी’ म्हटले.

आरोग्यसेवेचा ओघ कोविडकडे वळल्यावर गर्भनिरोधके, गर्भपात, बाळंतपणापूर्वीची तपासणी मागे पडली. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ११५ देशांतील सुमारे १ कोटी २० लाख स्त्रियांची गर्भनिरोधके खंडित झाली आणि १४ लाख नको असलेल्या गर्भधारणा झाल्या. भारतात सॅनिटरी नॅपकिन अत्यावश्यक वस्तूंत मोडतात, हा खुलासा टाळेबंदी लागू झाल्यावर चार दिवसांनी, २९ मार्चला झाला. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, पण गरोदर स्त्रियांना परवानगी २ जुलैला मिळाली. दुसरी लाट तोवर ओसरत आली होती.

साथीशी गावपातळीवर लढल्या त्या आशाताई. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे ७० हजार आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत, सप्टेंबर २०२० पासून, ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन त्या दारोदार फिरल्या. काही दारे त्यांच्या तोंडावर लागली, काही ठिकाणी शिवीगाळ झाली. सरकारी भाषेत त्या ‘स्वयंसेविका’. पगार नव्हे, मानधन आणि कामागणिक मोबदला. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा मानधनात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. ज्या कामाला जगाने मान दिला, त्याला वेतनश्रेणी नसावी, ही उघड विसंगती आहे.

शहरांत घरकामगार बायकांना सोसायट्यांच्या फाटकावरच थांबवले गेले आणि अनेकींचा पगार तुटला. राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये दीड हजार रुपये जाहीर केले, पण फक्त नोंदणी असलेल्यांना. बहुसंख्य बायकांची नोंद कुठेच नव्हती.

मुलींच्या शाळेचे नुकसान कसे होते, हे पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाने आधीच दाखवले होते. सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ साली शाळा बंद राहिल्या, किशोरवयीन गर्भधारणा वाढल्या आणि शाळा उघडल्यावर गरोदर मुलींना वर्गात यायला बंदी झाली. ती उठायला मार्च २०२० उजाडले. कोविडमुळे २०३० पर्यंत जगात आणखी एक कोटी बालविवाह होण्याचा धोका युनिसेफने वर्तवला. आपल्याकडे कमी माणसांत, कमी खर्चात लग्न उरकण्याची सोय टाळेबंदीने करून दिली, आणि फोन एकच असेल तर ऑनलाइन वर्गासाठी तो आधी मुलाला मिळे.

दुसऱ्या लाटेने मागे तरुण विधवा ठेवल्या. रुग्णालयाचे देणे, बचत गटाचे हप्ते, सातबाऱ्यावर नसलेले नाव आणि सासरच्यांनी नाकारलेला वाटा अशा गाठी त्यांच्यापुढे होत्या. राज्य शासनाने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू करून कागदपत्रे आणि योजना एकत्र मिळवून देण्याची व्यवस्था केली. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.