शाळेच्या समितीतला 'पालक' कोण?

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणारी, बहुतांश पालकांचीच समिती; त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही. ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जातात, त्यांना ते ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणारे, वीटभट्टीवर राबणारे, घरात वेगळीच भाषा बोलणारे, स्वतः शाळेची पायरी न चढलेले आईबाप या समितीपर्यंत आणि शाळेच्या कामापर्यंत कसे पोहोचले, आणि कुठे अडले, तेवढेच इथे पाहू.

आपल्याकडच्या कायद्यात पालक पहिल्यांदा आला तो दंड भरणारा म्हणून. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला १ रुपया दंड होता. निर्णय मोठाच होता, पण त्यात पालकाचे काम एकच, मूल पाठवणे. पुढे शाळेला जागा देणे, खोली बांधायला हात लावणे हे गावोगाव होत राहिले. तिथे गाव म्हणजे मात्र बहुतेक वेळा ज्यांच्या शब्दाला आधीच वजन होते तीच घरे.

चित्र हलले ते १९९० नंतर. मराठवाड्यातल्या लातूर, नांदेड, परभणीसारख्या जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षणाचा मोठा कार्यक्रम आला, २००१ नंतर सर्व शिक्षा अभियान आले, आणि ग्रामशिक्षण समित्या, माता-पालक संघ हे शब्द शिक्षकांच्या तोंडी बसले. याच काळात 'लोकसहभाग' या शब्दाचे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. सहभाग मोजला जाऊ लागला तो रुपयांत. रंगरंगोटी कोणी केली, टीव्ही कोणी दिला, पंखे कोणी बसवले, यांची नावे भिंतीवर लागली. रोजंदारीवर जाणाऱ्या घराकडे द्यायला पैसा नव्हता, म्हणजे 'सहभाग'ही नव्हता. पण २००१ मध्ये शाळेत मुलांना शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर याच घरांतल्या अनेक बाया स्वयंपाकी म्हणून रोज शाळेत येऊ लागल्या. कोणते मूल ताटात टाकते, कोणते दुसऱ्यांदा मागते, कोण सोमवारी जास्त भुकेले येते, हे त्यांना शिक्षकांच्या आधी कळायचे. देशात ठिकठिकाणी त्यांच्या जातीवरून त्यांच्या हातचे नाकारलेही गेले. त्यांच्या या माहितीला सभेत कधी जागा मिळाली नाही.

मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. समितीत तीन चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक, निम्म्या महिला, आणि वंचित गट व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व. कागदावर याहून नेमके लिहिणे अवघड. गुंता आहे तो 'पालक' या आपल्या शब्दात.

कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एकीत आईवडील येतात, जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक घेतलेले. दुसरीत ज्या व्यक्तीकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे ती येते. समितीवर दोघांपैकी कोणीही बसू शकते. मराठीत आपण दोघांनाही 'पालक' म्हणतो, आणि शाळेच्या व्यवहारात पालक म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरात नाव असलेला बाप, असे धरून चालतो. बीडकडचे जोडपे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघते. मूल आजीजवळ राहते. त्याला अंघोळ घालणारी, तापात जागणारी, वही संपली म्हणून दुकानात जाणारी आजी. सभेची नोटीस मात्र बापाच्या नावाने निघते, आणि बाप असतो कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात. आजी कायद्याने पालक ठरू शकते, हे तिला कोणी सांगत नाही, आणि 'सही चालेल का' या भीतीने मुख्याध्यापकही विचारत नाहीत. टाकलेल्या बाईच्या मुलाचेही तसेच. उलट बाजूला, निम्म्या महिला हव्यात म्हणून आईचे नाव यादीत लागते आणि सभेला तिचा नवरा येऊन बसतो, हे मी अनेक गावांत पाहिले आहे.

'प्रमाणशीर' या शब्दाचेही असेच झाले. प्रमाण काढले जाते जातीच्या दाखल्यांवरून, कारण ते मोजता येतात. कायद्यातल्या वंचित गटाच्या व्याख्येत मात्र भौगोलिक आणि भाषिक कारणांनी मागे पडलेलेही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलेही त्यात आली. भाषेचा दाखला कुठे मिळतो? मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, तरी एकेका वर्गात घरी भोजपुरी, तेलुगू, वडारी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या आयांना सभेचा निरोप कोणत्या बोलीत जातो, हे कोणत्याच तक्त्यात भरायचे नसते. शिवाय सभा दुपारी असेल तर येणारीचा त्या दिवसाचा रोज बुडतो. 'पालक उदासीन आहेत' असा शेरा मारण्याआधी एवढे तरी पाहायला हवे.

खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारकच नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर गरीब घरांतली मुले याच शाळांत जातात. तिथे पालकांना उरतो तो २०११ च्या शुल्क नियमन कायद्यातला पालक-शिक्षक संघ. हा कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडतात, हे चांगलेच. कोणाच्या ओळखीपाळखीवर अवलंबून राहत नाही. पण तिचे मुख्य काम शुल्क ठरवणे. ज्याच्या मुलाचे शुल्क शासन भरते त्या बापाने, शुल्कवाढीवर वाद घालणाऱ्या पालकांमध्ये बसून कोणत्या तोंडाने बोलावे?

२०२२ मध्ये राज्यात पहिलीच्या तयारीसाठी 'पहिले पाऊल' मेळावे झाले आणि वस्तीवस्तीत माता गट बनवले गेले. पाच-सहा आया एकीच्या ओट्यावर जमतात, कोणाच्या तरी फोनवर आलेली कृती बघतात आणि घरातल्या डाळी, काड्या, बांगड्या घेऊन मुलांकडून करून घेतात. वाचता न येणारी बाईही यात पुढे असते, कारण काम तिच्या ओळखीचे आहे, जागा तिच्या वस्तीतली आहे आणि वेळ तिने ठरवलेली आहे.

ऊसतोडीच्या गावांत गाठ अजून सुटलेली नाही. आईबाप फडावर असताना मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडेच असते. ज्या सदस्यांची मुले तिथे जेवतात, ते नेमके त्या महिन्यांत गावात नसतात. आजी असते.