डिजिटल सुरक्षा, कायदा व व्यवसायबदल

डिजिटल सुरक्षा, कायदा व व्यवसायबदल : माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांतील एक संमिश्र विषय. माहितीचे संरक्षण, त्यासंबंधीचे कायदे आणि नव्या व्यवस्थेमुळे संस्थेच्या कामकाजात होणारे फेरफार या तिन्ही अंगांचा त्यात विचार होतो. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. (आयटी) पदवीत ही अंगे वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेली आढळतात. २०१८-१९च्या सुमारास लागू झालेल्या तृतीय वर्षाच्या आराखड्यात सहाव्या सत्राला ‘सिक्युरिटी इन कंप्यूटिंग’ सक्तीचा होता, तर ‘सायबर लॉज’ आणि ‘आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट’ यांपैकी एक निवडायचा होता. ही फारकत वेळापत्रकाच्या सोयीची असली, तरी विषयाच्या प्रकृतीला धरून नाही.

गोपनीयता, अविकलता (माहितीत अनधिकृत फेरफार न होणे) आणि उपलब्धता ही त्रयी (इंग्रजी आद्याक्षरांवरून विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘सीआयए’) सुरक्षेच्या पायाशी मानली जाते. ती नेमकी कोणी मांडली याबाबत एकमत नाही. संगणकतज्ज्ञ सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ मधील एका लेखात माहिती अनधिकृतपणे उघड होणे, अनधिकृत फेरफार आणि वापरास अडथळा असे उल्लंघनाचे तीन वर्ग दिले व काही पाठ्यपुस्तके त्रयीचे श्रेय त्यांनाच देतात. तथापि खुद्द त्या लेखातच हे वर्गीकरण सुरक्षातज्ज्ञांच्या आधीच्या वापरातले म्हणून, अँडरसन यांचा हवाला देऊन, आलेले आहे. त्यामुळे १९७०-८०च्या दशकात ही त्रयी हळूहळू घडत गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लष्करी वापरात भर गोपनीयतेवर होता. क्लार्क व विल्सन यांनी १९८७ मध्ये व्यापारी जगाची गरज वेगळी असल्याचे दाखवले. व्यापाऱ्याला हिशेब कोणी पाहिला यापेक्षा तो कोणी बदलला याची धास्ती अधिक असते. त्यांनी आधार घेतला तो द्विनोंदी जमाखर्चाचा आणि एकाच माणसाच्या हाती सगळा व्यवहार न ठेवण्याच्या जुन्या रिवाजाचा. मुंबईच्या बँकांतील ‘मेकर-चेकर’ पद्धत, म्हणजे एकाने नोंद करायची व दुसऱ्याने ती मंजूर करायची, हे त्याच तत्त्वाचे रोजचे रूप. पार्कर यांनी १९९८ मध्ये ताबा, अस्सलपणा व उपयुक्तता यांची भर घालून सहा घटक सुचवले. अध्यापनात ते फारसे रुजले नाहीत.

उपलब्धतेचे उदाहरण म्हणून १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात खंडित झालेला वीजपुरवठा वारंवार दिला जातो. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगितले. सिद्ध हल्ला म्हणून ते उत्तरपत्रिकेत लिहू नये. जून २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीमुळे विस्कळीत झाले, हे उदाहरण अधिक भक्कम आहे.

व्यवसायबदलाच्या अभ्यासाला मुंबईत सर्वांत समृद्ध सामग्री शेअर बाजाराने पुरवली आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात ‘रिंग’मध्ये ओरडून सौदे होत. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये उपग्रहाने जोडलेल्या पडद्यावरील सौदे सुरू केले आणि १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही ‘बोल्ट’ प्रणालीकडे वळला. सौदा पडद्यावर आला, तरी कागदी प्रमाणपत्र हातोहात फिरतच होते. सही जुळत नाही, हस्तांतरणाचा अर्ज सदोष, प्रमाणपत्र बनावट अशा कारणांनी ‘बॅड डिलिव्हरी’ होई. १९९६चा डिपॉझिटरी कायदा व त्याच वर्षी सुरू झालेली एनएसडीएल (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था) यांनी हा कागद बाद केला. सुरक्षेच्या भाषेत ही अविकलतेची समस्या होती आणि ती सुटायला तंत्र, कायदा व कामाची नवी वाटणी या तिन्हींची गरज लागली. विषयाची तिन्ही अंगे एकत्र का शिकवावीत, याला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण.

भारतातील मूळ कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००. तो १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. इलेक्ट्रॉनिक व्यापारविषयक नमुना कायदा (१९९६) हा त्याचा आधार असून तो संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकायदा आयोगाने तयार केला होता. या अधिनियमाने भारतीय दंड संहिता, पुरावा कायदा, रिझर्व्ह बँकेचा कायदा आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट (१८९१) यांतही दुरुस्त्या केल्या. संगणकावर ठेवलेल्या खातेवहीच्या छापील प्रतीला पुराव्यात स्थान मिळाले ते त्यामुळे. २००८च्या दुरुस्तीने आलेले, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा ठरवणारे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द ठरवले.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या दाखल्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पुरावा कायद्याचे कलम ६५ब असा दाखला, म्हणजे नोंद कोणत्या उपकरणातून व कशी निघाली याचे लेखी प्रमाणपत्र, मागत असे. २००५च्या नवज्योत संधू खटल्यात न्यायालयाने त्याबाबत सवलत दिली, २०१४च्या अन्वर खटल्यात ती काढून घेतली, तर २०१८च्या शफी मोहम्मद प्रकरणात पुन्हा शिथिलता आणली. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीतून हा वाद पुन्हा पुढे आला. उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नाही, हे निवडणूक कार्यालयातील चित्रणावरून ठरवायचे होते आणि मागणी करूनही दाखला मिळत नव्हता. खोतकर–गोरंट्याल खटल्याच्या १४ जुलै २०२०च्या निकालाने दाखला आवश्यकच ठरवला. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केल्यास मात्र त्याची गरज नाही, आणि शक्य ते सर्व करूनही दाखला न मिळणाऱ्या पक्षाला सूट मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये दाखल्याचे दोन भाग आहेत : एक पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे नोंदीवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, द्यावे लागते. एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. गणित शिकवताना केवळ सूत्र म्हणून भेटणारी गोष्ट येथे साक्षीदाराच्या जागी उभी राहते.

नियामक संस्थांपैकी रिझर्व्ह बँक व सेबी (शेअर बाजाराची नियामक) यांची मुख्यालये मुंबईत असल्याने त्यांची परिपत्रके येथील नोकरीच्या मुलाखतींत हमखास निघतात. ऑनलाइन कार्डव्यवहारासाठी कार्डावर न दिसणाऱ्या माहितीवर आधारित जादा ओळखपडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक झाली. जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आली. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना झालेली फसवणूक ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास त्याच्यावर तोशीस येणार नाही, असे जुलै २०१७च्या परिपत्रकाने ठरवले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते व लॉग (प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

बदलव्यवस्थापनाचा भाग अध्यापनात सहसा आटोपशीर असतो. ‘वितळवणे, बदलणे, पुन्हा गोठवणे’ ही त्रिपदी मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या नावावर १९४७ पासून सांगितली जाते. तिचे आजचे ठाशीव रूप त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी घडवले, असे कमिंग्ज, ब्रिजमन व ब्राउन यांनी २०१६ मध्ये प्रतिपादन केले. मूळ लेखनात त्रिपदीला मिळालेली थोडकी जागा पाहता हे मत ग्राह्य वाटते.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली; उल्लंघनास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील संवेदनशील विदेच्या भरपाईचे जुने कलम ४३अ वगळण्याची तरतूद या नव्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये असल्याने संक्रमणकाळात विद्यार्थ्याला दोन्ही वाचावे लागतात.