सापेलो बेट: रकून ब्लफचं चर्च आणि हातची गेलेली जमीन

सापेलोवर घर किती मोठं बांधू द्यायचं यावरून जो वाद पेटला, तो कळायला आधी रकून ब्लफ या बेटावरच्या जुन्या वस्तीची गोष्ट माहीत हवी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळचं हे बेट, पूल नाही, आजही बोटीनेच जायचं. गुलामगिरी संपल्यावर इथे गुलाम म्हणून राबलेले कृष्णवर्णीय लोक परत आले, १८६६ मध्ये फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च सुरू केलं आणि १८७१ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी रकून ब्लफला साधारण हजार एकर चक्क विकत घेतले. तिथली आत्ताची लाकडी इमारत १९०० ची. पूर्वजांमध्ये आफ्रिकेतून आणलेले मुस्लिमही होते, म्हणून पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करायची रीत चर्चमध्येही टिकली असं जुनी माणसं सांगायची.

खरा घोळ १९५०-६० च्या दशकांतला. तंबाखूवर गडगंज झालेल्या घराण्यातला एक मालक बेटाचा बहुतेक भाग घेऊन बसला होता, त्याने ठिकठिकाणच्या वस्त्या उठवून सगळ्यांना बेटावरच्याच हॉग हॅमक या एका वस्तीत एकत्र आणलं. कागदावर ही अदलाबदल, इथली जमीन द्या, तिकडे प्लॉट घ्या, वर वीज आणि नळाचं पाणी. लोक राजीखुशीने गेले असं काही जण आजही म्हणतात. पण बेटावर पगार देणारा जवळपास तोच एकटा, बोटही त्याचीच, मग नाही म्हणणार कोण आणि कुठल्या जोरावर? याला राजीखुशी म्हणणं मला तरी पटत नाही. रकून ब्लफची शेवटची कुटुंबं १९६४ च्या सुमारास निघाली, चर्चसाठी हॉग हॅमकला नवी इमारत झाली, जुनी रानात ओस पडली. मालक वारल्यावर १९६९ मध्ये बेटाचा उत्तर भाग राज्य सरकारने विकत घेतला, त्यात रकून ब्लफही गेलं आणि ते वन्यजीवांसाठी राखीव झालं, म्हणजे आजोबा-पणजोबांनी पैसे मोजून घेतलेली जमीन नातवंडांना परत मिळायची वाटच बंद.

जुन्या चर्चची पुढे डागडुजी झाली, १९९६ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नावही लागलं. उरलेलं हॉग हॅमक ४०० एकरांच्या आसपास, त्यातली बरीच जमीन मृत्युपत्राशिवाय वारसांच्या सामाईक नावावर, त्यामुळे एखाद्या वारसाने बाहेरच्याला हिस्सा विकला की सगळेच अडचणीत. २०१२ मध्ये घर-जमिनीवरचे टॅक्स एकदम भडकले. मग सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, घराच्या आकाराची मर्यादा १,४०० वरून ३,००० चौरस फुटांवर नेली, मोठी घरं आली की टॅक्स आणखी वाढतील या भीतीने रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितलं, ते कोर्टात अडकलं आणि २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वमत घेता येईल असा निकाल दिला.