जीएनएम करून नर्स-मिडवाइफ व्हायचंय? अर्ज भरण्याआधी एवढं बघा

बारावीचा निकाल लागला की हमखास कोणीतरी विचारतं, मिडवाइफचा, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीचा, वेगळा कोर्स कुठे आहे? बारावीनंतर थेट तसा कोर्स शोधू नका. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, त्यातला 'एम' म्हणजेच मिडवाइफरी. तीन वर्षांची ही पदविका पूर्ण झाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी होते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगनंतरही तसंच. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं आणि फक्त मुलींसाठी. त्याची नोंदणी वेगळी.

जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण एकूण 40 टक्के आणि इंग्रजीतही 40 टक्के हवेत. एकूण 60 टक्के असून इंग्रजीत 37 वर अडकलेली मुलगी मी पाहिली आहे. वय प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवं. मुलांनाही प्रवेश मिळतो. बी.एस्सी.ला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते.

कागदपत्रं: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, आधार, मेडिकल फिटनेस, मध्ये वर्ष गेलं असल्यास गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. खरी धावपळ वैधतेची असते. पडताळणी समितीकडे वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज टाका. आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. एकीकडे 'सुवर्णा' आणि दुसरीकडे 'स्वर्णा' असेल तर तहसीलच्या फेऱ्या आल्याच.

फी भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर नको. मान्यता नसेल तर पुढे नोंदणीच होत नाही.

आत गेल्यावर लेबर रूमची पोस्टिंग लागते. देखरेखीखाली 20 नॉर्मल बाळंतपणं स्वतः करायची, प्रत्येकाची केसबुकात नोंद आणि खाली सिस्टरची सही. ती सही त्याच ड्युटीत घ्या. महिन्याने सिस्टरची बदली झालेली असते आणि तुमचं पान कोरंच राहतं.

यापुढे निव्वळ बाळंतपणाच्याच कामात राहायचं असेल, तर नोंदणी आणि बाळंतपणं करण्याचा दोन वर्षांचा अनुभव हाताशी घेऊन 18 महिन्यांचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा कोर्स करता येतो. केंद्राने 2018 मध्ये आणलेल्या मिडवाइफरी धोरणातला हा कोर्स आहे.